पाच मिनिटांची अकरा मिनिटं

पेट्रोल पंप मागे पडला तरी नणंदेच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हॉलपासून पंपापर्यंत पंचवीस मिनिटं, आणि पंपापासून घर अजून पाऊण तास. बस समोर उभी असताना, तिचं दार उघडं असताना, "चालत जाऊ, वहिनी," एवढं बोलून ती जी निघाली ती निघालीच. वहिनी मागोमाग. एका हातात स्वतःची पर्स, दुसऱ्या हातात नणंदेची पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, छत्री आणि स्वेटर. पिशवी कुणाची आणि वाहतंय कोण, हे विचारायची ही वेळ नव्हती. वहिनी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालली होती. ते ती एरवीही घ्यायची, आज जरा भरभर घेत होती.

टायरच्या दुकानापाशी नणंद म्हणाली, "तुम्ही रागावलात."

"नाही."

"मग बोलत का नाही?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

"मी विचार करत होते."

"मग करा की."

आणखी दोन विजेचे खांब गेले.

"तुमच्यावर विनोद केला, त्याचा राग आलाय."

"विनोद चांगला होता," वहिनी म्हणाली. "मलाही हसू आलं. पण ताई, मी दिवा चारला लावला होता."

 नणंद पाय जोरात उचलायला लागली. वहिनीला पिशवी सावरत जवळजवळ पळावं लागलं.

हा दिव्याचा मामला कळायचा तर आधी नणंद कळायला हवी.

नणंद दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. अठ्ठावीस वर्षं. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, ती त्यावरून साचा ओतायची, मेणात दात बसवायची, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करायची. ज्यांच्यासाठी ती हे करायची, त्यांचे चेहरे तिने कधी पाहिलेले नसत. नुसतं तोंड माहीत. लग्न झालं होतं, दीड वर्ष टिकलं. त्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायची, "माणूस वाईट नव्हता. बसत नव्हता. कवळी बसली नाही तर घासून बसवता येते, नवऱ्याला कुठे घासणार?" मग भावाच्या घरी आली, मागच्या खोलीत राहिली, आणि तिथेच चोपन्न वर्षांची झाली.

तीन वर्षांपूर्वी ती लॅबसाठी खुर्ची आणायला फर्निचरच्या दुकानात गेली होती. पाठ दुखायची. दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता : वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सहा, कुणीही यावं, माईकसमोर उभं राहून लोकांना हसवावं, प्रत्येकाला पाच मिनिटं, खाली नाव लिहावं. तिने नाव लिहिलं आणि खुर्ची न घेता परत आली. खुर्ची अजून आलेली नाही.

भावाने विचारलं, "तू? विनोद? कुणाला?" वहिनीने काही विचारलं नाही. त्या रात्री देवाजवळ फक्त एवढं म्हणाली की, हिची शोभा होऊ देऊ नकोस, बाकी तुझी मर्जी.

शोभा झाली नाही. हशाही झाला नाही. लोक तिच्या विनोदांना हसायचे ते नातेवाइकांचं बाळ बघून हसावं तसं. पण नणंदेला तिथले नियम इतके आवडले की हशाचं तिने फार मनावर घेतलं नाही. वहीत लिहून ठेवले होते. आपल्या पाळीच्या आधी यायचं आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत उठायचं नाही. दुसरा बोलत असताना फोन बघायचा नाही. आपल्या आधीच्याला लोक हसले नाहीत म्हणून त्याची टर उडवायची नाही. माईक जिथून काढला तिथे परत लावायचा. आणि सगळ्यात मोठा नियम दिव्याचा. चार मिनिटं झाली की हॉलच्या मागून टॉर्च लागतो. म्हणजे आवरतं घ्या. पाच झाली की टॉर्च हलतो. म्हणजे वाक्य पुरं करा, नमस्कार करा आणि उतरा. त्यानंतरचं प्रत्येक सेकंद दुसऱ्याच्या ताटातलं.

हा नियम ती घरीही पाळायला लागली. म्हणजे दुसऱ्यांकडून पाळून घ्यायला लागली. भावाने पाण्याच्या टाकीची हकीकत काढली की नणंद चौथ्या मिनिटाला उठून स्वयंपाकघरातला दिवा उघडझाप करायची. भाऊ चिडायचा. वहिनी वरकरणी गप्प राहायची, पण टाकीची हकीकत तिनेही तीस वर्षं ऐकली होती.

एकदा एक विमा एजंट हॉलमध्ये चाळीस सेकंद जास्त बोलला, तर नणंदेने त्याला जिन्यात गाठलं. "चाळीस सेकंदांत काय होतं एवढं?" तो म्हणाला. नणंद म्हणाली, "कुणाच्या तरी विनोदाचा शेवट होतो." तो माणूस पुन्हा आला नाही. यादीवाली बाई म्हणाली, "काकू, जरा दमाने." यादीवाली म्हणजे हे सगळं चालवणारी. तिशीतली, हातात कायम पुठ्ठ्याला लावलेला कागद, आवाज कधी चढत नसे. तिचाही एक नियम होता : दिवा हलल्यावर जो बोलत राहील, त्याचं नाव चार आठवडे यादीत नाही. मग तो कुणी का असेना.

आणि ह्या आठवड्यात त्याच यादीवालीने नणंदेला फोन केला होता. पुढच्या महिन्यात तिकीट लावून कार्यक्रम आहे, मोठ्या हॉलमध्ये, त्यात दहा मिनिटं तुमची. तीन वर्षांत पहिल्यांदा. नणंदेने ते घरात सांगितलं, आणि सांगता सांगता हेही सांगून टाकलं की दहापैकी चार मिनिटं वहिनीवर आहेत.

म्हणून वहिनी आज गेली होती. लोक तिकीट काढून आपल्याबद्दल काय ऐकणार आहेत, ते आपण एकदा फुकट ऐकून यावं, एवढाच तिचा हेतू.

हॉलमध्ये ती मागच्या बाजूला हात असलेल्या खुर्चीत बसली. शेजारी एक म्हातारी, कोरी साडी, मांडीवर पर्स. तिचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाचाच गणवेश घालून आला होता, पायाशी हत्यारांची पिशवी. कामाची पाळी बदलून घेतली होती. पहिलीच वेळ, आणि यादीत सगळ्यात शेवटी नाव. त्याच्या आधी नणंद. सहाला हॉल कराटेच्या वर्गाला द्यायचा असे, आणि कराटेवाले एक मिनिटही थांबत नसत.

पावणेसहाला कराटेचे मास्तर किल्ली मागायला खाली आले. यादीवाली उठली आणि जाता जाता टॉर्च वहिनीच्या हातात दिला. "काकू, दोन मिनिटं धरा. चार झाली की लावायचा, पाच झाली की हलवायचा. समोर घड्याळ आहे."

वहिनीने टॉर्च दोन्ही हातांनी धरला. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी नणंद माईकपाशी आली.

आधी कवळ्या झाल्या. "माझ्या हातचे दात घालून लोक लग्नाला जातात, भांडायला जातात, मुलाखतीला जातात. आणि इथे येऊन तोंड मिटून बसतात." तीनचार लोक हसले. "एक आजोबा म्हणाले, कवळी अशी करा की हसताना छान दिसली पाहिजे. म्हटलं, हसता कधी? म्हणाले, म्हणूनच तर अजून दिसली नाही." पाचसहा लोक.

पाच बावन्नला वहिनीने टॉर्च लावला. नणंदेने तो पाहिला. पाहिल्याचं वहिनीने पाहिलं, कारण नणंदेची मान तेवढ्यापुरती एकदा हलली.

"माझी वहिनी रोज देवाशी पाऊण तास बोलते," नणंद म्हणाली. "सगळं सांगते. टाकी, गुडघे, शेजारचे, मी. देवाला मध्ये बोलायला जागाच नाही. तो बिचारा वरून दिवा दाखवत असेल, बाई, आवर आता, मागे लाइन आहे."

आणि नेमक्या त्याच वेळी पाच त्रेपन्न झाले, आणि वहिनीने सांगितल्याप्रमाणे टॉर्च हलवला.

लोकांनी माना मागे वळवल्या. एक बाई, डोक्याच्या वर टॉर्च, गंभीर चेहरा. हॉल फुटला. असा हशा त्या खोलीने ऐकला नसेल. फर्निचरवाला म्हणे खालून बघायला आला. वहिनीला वाटलं, दिसलं नसेल बहुतेक, म्हणून ती उभी राहिली आणि अजून जोरात हलवला. लोक खुर्च्यांवरून घसरायला आले. "तीच ही!" नणंद ओरडली. "बघा, आता देवाकडूनच ड्यूटी घेतलीय!"

मग ती थांबली नाही. टाकी काढली, भाऊ काढला, दीड वर्षाचा नवरा काढला. प्रत्येक वाक्याला हशा. वहिनीचा हात दुखायला लागला तरी टॉर्च हलतच होता. शेजारची म्हातारी वाकून हळूच म्हणाली, "ह्यांच्यानंतर माझा ना?" वहिनी म्हणाली, "हो, आता तुमचाच." हे तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हातारीने विचारलं नाही.

पाच एकोणसाठला नणंदेने माईक जागच्या जागी लावला. दारात कराटेवाले पांढऱ्या कपड्यांत उभे होते.

लिफ्टवाला म्हणाला, "पुढच्या वेळी," हातातल्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि पिशवी उचलली. किल्ली शोधून देऊन यादीवाली आत्ता कुठे वर आली होती. तिने नणंदेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "काकू, अकरा मिनिटं?"

"दिवा उशिरा आला," नणंद म्हणाली.

"उशिरा लावलात का हो?" यादीवालीने वहिनीला विचारलं. लोकांनी दिवा पाहिला होता, पण घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. वहिनीने तोंड उघडलं. नणंद तिच्याकडे बघत होती. वहिनीने तोंड मिटलं.

"असू द्या, पहिल्यांदाच धरलात," यादीवाली म्हणाली, आणि तिने नणंदेच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं वहिनीने जिन्याच्या पहिल्या पायरीवर स्वतःला सांगितलं. शेवटच्या पायरीपर्यंत ते पटेनासं झालं होतं.

आणि आता त्या दोघी टायरच्या दुकानाच्या पुढे, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडेने चालत होत्या.

"माहितीये मला, चारला लावला ते," शेवटी नणंद म्हणाली. "पाचला हलवला तेही."

"मग?"

"हसत होते, वहिनी."

"ते दिसलं मला."

"नाही दिसलं. तुम्ही दिवा हलवत होता." नणंद थांबली नाही, पण आवाज खाली आला. "तीन वर्षं मी पाच म्हणजे पाच. घरून म्हणत म्हणत यायचं, बसमध्ये ओठ हलवायचे, लोक वेडी समजायचे. आणि वर उभं राहिलं की समोर अठरा माणसं, जशी काही सगळी दात घरी ठेवून आलेली. आज पहिल्यांदा तोंडं उघडली. मी म्हटलं, आता उतरले तर पुन्हा उघडतील की नाही कोण जाणे."

"खरंय," वहिनी म्हणाली.

"खरंय काय? रागवा की!"

"रागावून काय होणार. माझं दुखणं वेगळं आहे. घड्याळ मी चौथीत शिकले, बाईंनी पुठ्ठ्याचं करून आणलं होतं. ते मला येत नाही असं आज एका खोलीभर लोकांना वाटलं."

"त्यांना काय एवढं पडलंय!"

"मला पडलंय. आणि आता घरी जाऊन देवापुढे बसायचंय. पाऊण तास."

"त्याला माहीतच असेल की सगळं."

"माहीत असलं तरी सांगावं लागतं," वहिनी म्हणाली. "ते माझ्यासाठी असतं, त्याच्यासाठी नाही."

यावर नणंदेला विनोद सुचला असावा, कारण तिने तोंड उघडलं. पण काढला नाही.

 मग वहिनी म्हणाली, "एक सांगू? मला नीट सांगता येणार नाही."

"सांगा."

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी आपल्या मजल्याचं बटण दाबतो. मग सगळ्या मजल्यांची दाबतो. मग देवाचा धावा करतो. मग मला फोन करतो. मी जातो, दार उघडतो. तो बाहेर येतो, देवाचे आभार मानतो, आणि मला विचारतो, इतका उशीर का लागला?"

वहिनीने हे सगळं भाजीची यादी वाचावी तसं सांगितलं. नणंद हसली. रस्त्यात, तोंड पूर्ण उघडून, भिंतीला हात टेकून.

"चांगला आहे हो! आभार मानल्यावर जरासं थांबायला हवं, मग उशीर. कुणाचा आहे?"

"त्या लिफ्टवाल्याचा. शेजारी त्याची आई होती, तिने सांगितला. तिला सगळंच पाठ आहे. तीन आठवडे तो कपाटाच्या आरशासमोर म्हणत होता, आणि ही पलंगावर बसून ऐकत होती. म्हणाली, माझं हसून झालंय, आता दुसरं कुणी हसतंय का ते बघायला आले."

नणंदेचा हात भिंतीवरच राहिला.

"अजून काय म्हणाली?"

"चौकातल्या कापडाच्या दुकानावर राहतात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे म्हणाली. मुलगा दुसऱ्यांच्याच दुरुस्त करतो, आपल्या इमारतीची कंपनी वेगळी. ती चार मजले उतरून आली होती. दर मजल्यावर बसत."

भिंत संपली तिथे पाण्याच्या नळाचा ओटा होता. नणंद त्यावर बसली, वहिनीकडून पिशवी घेतली, बाटली काढून पाणी प्यायली. तोंड पुसलं. मग फोन काढला. वहिनी चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली, पण ऐकू येत होतं.

"हां, मी बोलतेय, कवळीवाली काकू... नाही, काही विसरलं नाही. दिवा वेळेवर आला होता... चारला लागला, पाचला हलला. मी बघितला... हो, बघूनच... नाही, वहिनीची काही चूक नाही, ती उभी राहून हलवत होती. खोटं मी बोलले, ती नुसती गप्प बसली... चार आठवडे, माहितीये. वहीत लिहिलंय माझ्या." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "हो. तो तिकिटाचा कार्यक्रमही... समजलं. बरोबर आहे. नाही, नाही, तू काही वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही नाव काढलं असतं... त्या लिफ्टवाल्याचा नंबर आहे का?... नसेल तर राहू दे. घर कळलंय मला."

फोन पिशवीत गेला. नणंद उठली. ह्या वेळी पिशवी तिने स्वतःच घेतली.

"दहा मिनिटं गेली," ती म्हणाली.

"गेली," वहिनी म्हणाली. 

"तीन वर्षांनी मिळाली होती."

"हो."

"आणि मला अजूनही वाटतंय, वहिनी, तो हशा पुन्हा ऐकायला मिळत असेल तर मी पुन्हा थांबणार नाही. देवाला सांगाल तेव्हा हेही सांगून टाका. एकदाच सांगून होईल."

"ते तुमचं तुम्ही सांगा," वहिनी म्हणाली. "मला माझंच पुरे आहे."

नणंद किंचित हसली. घराकडचं वळण आलं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीवाला कपड्यांच्या घड्या बांधत होता, आणि आतून भावाचा आवाज येत होता. तो शर्ट न्यायला आला होता आणि इस्त्रीवाल्याला टाकीची हकीकत सांगत होता. दोघी एक शब्द न बोलता पलीकडच्या फुटपाथवर गेल्या.

फाटकापाशी नणंदेने कडी काढली, पण आत गेली नाही.

"उद्या सकाळी त्या म्हातारीकडे जायचंय," ती म्हणाली. "चार मजले. माफी मागायची. त्याची आणि तिचीही. तुम्ही बरोबर चला."

"मी कशाला? तुमची तुम्ही मागा की."

"मागेन. मागता येते मला. पण मी माफी मागायला लागेन, ती बिचारी म्हणेल असू दे, आणि मला काहीतरी सुचेल. मी बोलेन, ती हसेल. एकदा हसली की मला मी ओळखते. कवळ्या काढीन, नवरा काढीन. तो लिफ्टवाला पुन्हा कोपऱ्यात कागद धरून बसेल, आणि मी त्याच्याच घरात त्याची वेळ खात असेन." तिने कडी परत लावली आणि परत काढली. "तर तुम्ही माझ्या शेजारी बसा. माफी मागून झाली की मला उठवा, वहिनी. ती चहा घ्या म्हणाली तरी उठवा."